संचालकबाई, बियाणं उगवलं का?

‘संचालक’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं? कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, दारात जीप आणि मागे-पुढे चार माणसं. कारखान्याचे संचालक, जिल्हा बँकेचे संचालक, दूध संघाचे संचालक. लग्नपत्रिकेत नावाखाली छापायचं एक वजनदार पद! आणि बाईच्या नावाखाली हे पद आलंच, तर लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, “त्यांचे मिस्टर काय करतात हो?”

पण मैत्रिणींनो, आज मला बोलायचं आहे ते थोड्या वेगळ्या संचालकपदाबद्दल. सरकारच्या अशा काही कंपन्या आहेत, ज्यांचा सगळा कारभार विज्ञानावर चालतो. मुंबईत परळला हाफकिन आहे. तिथली संशोधन संस्था १८९९ पासूनची आणि तिच्यातूनच १९७५ साली लस आणि औषधं बनवणारी राज्य सरकारची वेगळी कंपनी झाली. लेकरांना पाजायची पोलिओची लस, साप चावल्यावर दवाखान्यात टोचतात ते औषध, हे सारं तिथे तयार होत आलं आहे. दुसरी कंपनी आहे अकोल्याची महाबीज, म्हणजे महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ. तिचं नाव तर शेतकऱ्याच्या घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं.

या कंपन्यांनाही संचालक मंडळ असतं. तिथे बसून जे ठरतं, ते आपल्या शेतात आणि आपल्या घरात येऊन पोचतं. तरीही तिथे कोण बसतं, काय करतं, आपल्यासारखी बाई तिथे बसू शकते का, हे प्रश्न आपण कधी विचारत नाही.

मला हा प्रश्न पडला तो गंगापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत. पेरणीचे दिवस जवळ आले होते, त्यामुळे हप्त्यांपेक्षा बियाण्याचीच चर्चा जास्त. एका मावशींनी रिकामी पिशवी दाखवली आणि म्हणाल्या, “ताई, ह्या पिशवीवर सरकारचं नाव हाय. मंग ह्यातलं बी नाही उगवलं, तर सरकारात नेमकं कुनाला इचारायचं?” मी सांगितलं, कंपनीला संचालक मंडळ असतं, शेवटी जबाबदारी त्यांची. त्यावर दुसरीचा प्रश्न आला, “मंग आपल्यासारखी बाई बसू शकती का तिथं?”

मी बी.ए. मराठीवाली. पण प्रश्न इतका सरळ होता, की त्याचं उत्तर शोधायलाच हवं होतं.

पिशवीमागची कंपनी

महाबीजची स्थापना झाली २८ एप्रिल १९७६ रोजी. तिचं भागभांडवल पाहिलं की गंमत वाटते. ४९ टक्के वाटा राज्य सरकारचा, ३५.४४ टक्के केंद्राच्या राष्ट्रीय बीज निगमाचा, २.८८ टक्के कृषी विद्यापीठांचा आणि उरलेला १२.६८ टक्के चक्क शेतकऱ्यांचा! म्हणजे ही कंपनी सरकारची तर आहेच, पण थोडी आपल्या शेतकऱ्यांचीही आहे. म्हणूनच तिच्या संचालक मंडळावर कृषी खात्याचे बडे अधिकारी असतात, तसे शेतकरी भागधारकांनी निवडून दिलेले संचालकही असतात. संचालकाची खुर्ची मतदानाने मिळू शकते अशी विज्ञानाची सरकारी कंपनी क्वचितच सापडेल.

आता यात विज्ञान कुठे आलं, असं वाटेल. तर बियाण्याची पिशवी म्हणजे नुसतं निवडून भरलेलं धान्य नव्हे. आपल्या गावाहून जालन्याला जाताना बदनापूर लागतं. तिथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. बीडीएन ७११ ही तूर आपल्याकडे बऱ्याच जणी पेरतात, ती तिथली. शास्त्रज्ञ वाण शोधतात, तेव्हा हातात बी असतं अगदी थोडं. ते वाढवत न्यायचं असतं. आधी पैदासकार बियाणं, त्याची चिठ्ठी सोनेरी पिवळी. त्यापासून पायाभूत बियाणं, त्याची पांढरी. आणि त्यापासून प्रमाणित बियाणं, त्याची निळी. दुकानातून आपण आणतो ती बहुतेक निळ्या चिठ्ठीची पिशवी. यातलं पायाभूतपासून प्रमाणितपर्यंतचं काम महाबीज शेतकऱ्यांच्याच शेतात बीजोत्पादनाचे प्लॉट घेऊन करते. तपासणी करून चिठ्ठी देणारी बीज प्रमाणीकरण यंत्रणा मात्र वेगळी. बनवणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे चांगलंच.

आपल्या घरात लोणच्याला कैरी निवडताना आपण जे करतो, तेच हे, पण मोजमापाने आणि नियमाने.

२०२० चा जून आठवतो?

कोरोनाची टाळेबंदी नुकतीच सैल झाली होती. पाऊस वेळेवर आला होता. मराठवाड्यात लोकांनी उत्साहाने सोयाबीन पेरलं आणि आठ-दहा दिवसांनी रान पाहिलं तर मोकळंच! गावोगावी तीच ओरड. तक्रारी खासगी कंपन्यांच्या बियाण्याच्या होत्या, तशा महाबीजच्याही होत्या. वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आपल्याच शहरात त्याची सुनावणी झाली.

हे झालं कशामुळे? आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऐन काढणीच्या वेळी परतीचा पाऊस कोसळला होता. सोयाबीन शेतात भिजलं, गंजीत भिजलं. सोयाबीनचं टरफल अगदी पातळ. एकदा भिजलं, काळं पडलं, की आतला कोंब दुबळा होतो. पोतं उंचावरून आपटलं तरी त्याची उगवण कमी होते. म्हणून तर इतर बियाण्यांपेक्षा त्याला जास्त जपावं लागतं. त्यात काहींनी पुरेशी ओल नसताना किंवा खूप खोल पेरणी केली. कारणं अनेक, पण बियाणं, खत, मजुरी, सगळं पुन्हा करायची वेळ आली ती त्याच घरावर. आणि दुबार पेरणीसाठी पैसे उभे करताना कुणाच्या गळ्यातलं गहाण पडतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता विचार करा, त्या वर्षी आपण संचालक असतो तर? नियमाप्रमाणे सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के लागते. पावसाने भिजलेल्या वर्षी बियाण्याचा तुटवडा आहे, बाजारात मागणी प्रचंड आहे आणि समोर काही लॉट जेमतेम ७१-७२ वर पास झालेले आहेत. जानेवारीत ७२ असलेलं बी जूनपर्यंत तेवढंच राहील का? पुन्हा तपासायचं? बाजूला काढायचं? मग शेतकऱ्याला पुरवायचं काय? अधिकारी आकडे मांडतील, शास्त्रज्ञ कारण सांगतील. पण “पेरणीच्या आठवड्यात हे किती उगवेल आणि नाही उगवलं तर त्या बाईला आपण काय देणार?” हा प्रश्न कुणीतरी विचारावा लागतो. संचालकाचं खरं काम हेच. तो प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. रिकामं रान पाहिलेलं असावं लागतं.

बैठकीत बसतात आणि करतात काय?

मला याची थोडीफार चव आहे. आमच्या भागातल्या एका छोट्या पतसंस्थेवर मी महिला राखीव जागेवरून काही वर्षं संचालक होते. सहकारी संस्थांत महिलांसाठी दोन जागा राखीव असतात, त्यातली एक. पहिल्या बैठकीत आम्हा दोघींना टेबलाच्या पार टोकाला बसवलं. चहा आला, बिस्किटं आली आणि रजिस्टर पुढे सरकलं. “ताई, इथं सही करा.” मी म्हटलं, “वाचून करते.” टेबलावर एकदम शांतता! तेव्हापासून बैठकीचे कागद चार दिवस आधी घरी मागवायची सवय लावून घेतली. रात्री सगळं आवरलं, की ओट्याशेजारी बसून वाचायचे. कळलं नाही त्याच्या पुढे पेन्सिलीने फुली मारायची आणि बैठकीत फुलीपाशी थांबायचं. “थकबाकी मागच्या वेळेपेक्षा वाढली कशी?” असं विचारलं तर दोघं-तिघं हसले. पण बैठक सुटल्यावर त्यातलेच एक काका हळूच म्हणाले, “वहिनी, बरं विचारलंत. मलाही ते कळलं नव्हतं.”

कंपनीच्या संचालकाचं कामही याच जातीचं, फक्त आकडे मोठे. कंपनी कायदा सांगतो, की वर्षात किमान चार बैठका झाल्या पाहिजेत आणि दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. सलग बारा महिन्यांतल्या सगळ्या बैठका बुडवल्या तर पद जातं. संचालकाने सद्‌भावनेने, काळजीपूर्वक आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा. “साहेब म्हणाले म्हणून सही केली” ही सबब तिथे चालायला नको. इतिवृत्तात आपलं म्हणणं लिहून घेण्याचा आग्रह धरायचा. सरकारी कंपनीचे हिशेब महालेखापरीक्षकांच्याही नजरेखालून जातात, म्हणजे आज केलेल्या सहीला उद्या उत्तर द्यावं लागतं.

बियाण्याच्या कंपनीत ठरवायचं काय असतं? कोणत्या वाणाचं बियाणं किती एकरांवर घ्यायचं, हा पहिला प्रश्न. सोयाबीनचं जेएस ३३५ हे वाण १९९४ पासूनचं, लोकांच्या सवयीचं. नवी वाणं आली, पण दुकानात लोक जुनंच मागतात. जुनंच बनवत राहायचं, की नवं बनवून ते लोकांना पटवायचं? दुसरा प्रश्न भावाचा. जो शेतकरी कंपनीसाठी बियाणं पिकवतो, त्याला जास्त भाव हवा. जो पिशवी विकत घेतो, त्याला ती स्वस्त हवी. दोघंही आपलेच! आणि कंपनीही तोट्यात जाऊन चालत नाही. शेतकऱ्यांनी निवडून दिलेला संचालक या तिघांच्या मधे उभा असतो. त्यातून संचालकाचं स्वतःचं हितसंबंधाचं काही असेल, तर कायद्याप्रमाणे ते आधी उघड सांगावं लागतं. घरातल्या वाटण्यांत मोठ्या सुनेची जी अवस्था होते, ती आठवा. सगळ्यांना सारखं वाढायचं आणि पातेलंही रिकामं होऊ द्यायचं नाही.

बियाण्याचं ज्ञान कुणाच्या हातात?

गंमत म्हणजे बियाण्याचं बरंचसं काम मुळात बायकाच करतात. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये वेगळी दिसणारी झाडं, म्हणजे भेसळ, वेळेवर उपटून टाकावी लागते. फुलाचा रंग, पानाचा आकार, शेंगेवरची लव पाहून हजारो झाडांतून एक परकं झाड ओळखायचं. हे काम ओळीने चालत कोण करतं? आपल्या बाया. संकरित कापसाच्या बीजोत्पादनात संध्याकाळी मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर हलक्या हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे पराग त्यावर लावायचे. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली, जालना बियाण्याचं गाव झालं. त्या साऱ्या उद्योगात बायकांच्या बोटांचा केवढा वाटा आहे!

आणि राहीबाई पोपेरे? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या आदिवासी बाईने गावरान बियाणं गोळा केलं, जपलं, वाटलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या राहीबाईंना लोक ‘बीजमाता’ म्हणतात. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं, तेव्हा आपल्या सगळ्यांचाच ऊर भरून आला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सन्मान होणं वेगळं आणि जिथे निर्णय होतो तिथे बसणं वेगळं. हारतुरे आपल्याला मिळू लागलेत, पण बैठकीची नोटीस अजून क्वचितच आपल्या नावाने येते.

मग त्या बचत गटातल्या प्रश्नाचं उत्तर काय? कायद्याने बाई संचालक होऊ शकते का? हो, नक्कीच. इतकंच नव्हे, तर २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, तसंच १०० कोटींचं भांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या मोठ्या सार्वजनिक कंपन्यांना किमान एक महिला संचालक घेणं बंधनकारक केलं आहे. ती अधिकारी असेल, सनदी लेखापाल असेल, शास्त्रज्ञ असेल. पण शेतकरी भागधारकांमधून निवडून यायचं, तर आधी भागधारक असावं लागतं. आणि घोडं नेमकं इथेच अडतं.

शेअर कुणाच्या नावावर? आजोबांच्या, सासऱ्यांच्या, फार तर नवऱ्याच्या. बीजोत्पादनाचा प्लॉट कुणाच्या नावावर? ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीच्या खातेदारांत बायकांचं प्रमाण सुमारे १४ टक्के निघालं. रानात राबणाऱ्या बायका मोजल्या तर आकडा कितीतरी मोठा होईल, पण कागदावर मोजतात ते नाव. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, १९९२ साली सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याचा मार्ग खुला केला. त्यालाही तीन दशकं उलटली. किती घरांत नाव लागलं? आपापल्या गल्लीतच मोजून बघा.

या हंगामापासून एवढं करूया

मैत्रिणींनो, अकोल्याच्या त्या बैठकीपर्यंत पोचायला वेळ लागेल. पण तिथे जो प्रश्न विचारायचा, त्याची सुरुवात आपल्या अंगणात होते.

पेरणीच्या आधी शंभर दाणे मोजून घ्या, मुद्दाम निवडलेले नकोत, पोत्यात जसे आहेत तसे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर निर्धास्त पेरा. थोडे कमी असतील तर कृषी सहायकाला विचारून एकरी बियाणं वाढवा. फारच कमी असतील तर पेरूच नका. आणि चांगला, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको. आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. गटातल्या वीस जणींनी लिहिलं, तर ती गावाची प्रयोगशाळाच झाली की!

दुकानातून पक्की पावती घ्या. पिशवी फोडताना चिठ्ठीच्या बाजूने फोडू नका, खालून फोडा. चिठ्ठी, रिकामी पिशवी, पावती आणि मूठभर बी, पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा. उगवलं नाही तर लगेच तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, पंचनाम्याचा आग्रह धरा. आणि कुणी म्हणालं की शेतकऱ्याला ग्राहक आयोगात जाता येत नाही, तर ऐकू नका. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्याच प्रकरणात शेतकऱ्याचा तो हक्क मान्य केला आहे.

आणि एक काम घरातलं. लोखंडी पेटीत, फडताळात जुने कागद असतात, ते एकदा बाहेर काढा. त्यात महाबीजचं एखादं शेअर सर्टिफिकेट निघतं का पाहा. ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील, तर वारस म्हणून आपलं नाव लागलं का विचारा. भागधारकाला सर्वसाधारण सभेची नोटीस येते, अहवाल येतो, मत देता येतं. तो अहवाल वाचा. नाही कळला तर नातीकडून वाचून घ्या. अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्या कितीतरी पोरी आज आपल्या घरांत आहेत. त्यांना फक्त नर्स आणि शिक्षिका व्हायची स्वप्नं दाखवू नका. बीजशास्त्र शिकायला परभणी आहे, राहुरी आहे, अकोला आहे, हेही सांगा.

त्यांच्यातलीच एक उद्या त्या मंडळावर बसेल. अधिकारी आकडे वाचून दाखवतील, सगळे माना डोलावतील आणि ती चष्मा सावरत विचारेल, “हे सगळं ठीक आहे साहेब, पण मागच्या जूनमध्ये किती गावांतून तक्रारी आल्या आणि त्यांचं पुढे काय झालं?” त्या दिवशी इतिवृत्तात हा प्रश्न लिहिला जाईल. आणि लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.